किमान साठा

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी कुणाला "ये" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते फोन करायचे, तोही संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, आणि म्हणायचे, "साबण किमानावर आलाय." एवढंच. आपण "बरं" म्हणायचं, दुसऱ्या दिवशी कामावरून सुटलं की दोन बस बदलायच्या, तीन जिने चढायचे आणि एक साबण त्यांच्या हातात द्यायचा. दोन दिवसांनी परत फोन. "ब्लेडं किमानावर आलीत." मग रेडिओचे सेल, मग चहा पावडर. एकदा तर सुई.

"बाबा, सगळं एकदम सांगता येत नाही का?" मी विचारायची.

"जे किमानावर येतं तेच मागायचं असतं," ते म्हणायचे. "गरज नसताना माल मागवणारा स्टोअरकीपर नव्हे, हमाल."

एकतीस वर्षं ते पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे त्यांना सगळे "स्लिपवाले" म्हणत. कारण एकच, स्लिप नाही तर स्क्रू नाही. एकदा म्हणे खुद्द मॅनेजर पेन्सिल मागायला आले, तर यांनी त्यांना खिडकीबाहेर उभं करून आधी स्लिप लिहायला लावली. आणि पेन्सिलच नसल्यामुळे ती लिहायला स्वतःच्या खिशातली पेन्सिल दिली, लिहून झाल्यावर परतही घेतली. ते निवृत्त झाले त्या वर्षी कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि कोऱ्या बिन कार्डांचे गठ्ठे रद्दीत निघाले. यांनी त्यातले तीन घरी आणले. बिन कार्ड म्हणजे स्टोअरमधल्या प्रत्येक खणाला दोऱ्याने टांगलेलं जाड कार्ड. त्यावर वर किमान साठा, म्हणजे तेवढाच उरला की नवा मागवायचा तो आकडा, आणि खाली तारीख, किती आलं, किती गेलं, किती उरलं, शेवटी शेरा आणि सही. माझ्या सासऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला अशी चौदा कार्डं लटकत असायची. दार उघडलं की सगळी हलायची.

माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तो होता तोवर बाबांना काय हवं, काय नको ते तोच बघायचा. तो गेल्यावर पुढच्याच महिन्यात पहिला फोन आला, साबणाचा, आणि मी गेले. पुढे जातच राहिले. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हा आता त्यांचं आणि माझं नातं काय, असं कुणी विचारलं असतं तर मला चटकन सांगता आलं नसतं. सून म्हणायचं तर ज्याच्यामुळे मी सून, तो मधला माणूसच नव्हता. बोलणं म्हणाल तर साबणापासून सेलपर्यंत. मी पिशवी द्यायची, त्यांनी वस्तू उलटसुलट करून तारीख बघायची, कार्डावर लिहायचं, मग चहा करायचा. चहा पिताना रेडिओ लावायचा. चहा संपला की निघाले मी.

आता माझं. मी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात डिस्पॅचला आहे, सतरा वर्षं. कुठलं खोकं कुठल्या गाडीत कुठे जातं हे मला झोपेत विचारा. तरी डिस्पॅचप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा साहेब म्हणाले, "काम तुम्हालाच येतं, पण कागद लागतो." तो कागद म्हणजे कॉलेजातला एक प्राथमिक अभ्यासक्रम, 'उत्पादन आणि पुरवठा व्यवस्थापन: ओळख'. सोमवार आणि बुधवार, संध्याकाळी दोन तास, चार महिने. पास झालात तर खुर्ची तुमची, नाहीतर बाहेरून कुणीतरी आणतील आणि त्याला तुम्हीच काम शिकवाल. हे शेवटचं साहेब म्हणाले नाहीत, मला ते न सांगता कळलं.

तर वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी बाकावर जाऊन बसले. वर्गातली बाकी सगळी एकोणीस-वीसची. पहिल्याच दिवशी शेजारच्या चष्मेवालीने "काकू, ही जागा कुणाची आहे का?" असं विचारलं आणि माझं नाक जे मुरडलं ते आठवडाभर सरळ झालं नाही. शिकवायला एक तिशीतला काडीपैलवान सर. ते काहीही समजावताना फळ्यावर बाण काढत. कच्च्या मालाकडून कारखान्याकडे बाण, कारखान्याकडून दुकानाकडे बाण. तासाच्या शेवटी फळा पाहिला की लढाई होऊन गेली असं वाटायचं. पोरांनी त्यांचं नाव बाणसर ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी प्रकल्प सांगितला. "एखादी खरीखुरी पुरवठ्याची साखळी निवडा. लहान चालेल. पाहा, मोजा, सुधारा, आणि सुधारल्यावर काय झालं ते येऊन सांगा. आणि खर्च पैशांत मांडू नका. पैशांत मांडलं की सगळे हुशार होतात. तासांत मांडा."

अर्ध्या वर्गाने कॉलेजची कॅन्टीन निवडली. मी बाबांचं कपाट निवडलं. का नाही निवडणार? सहा वर्षांची नोंद कार्डांवर तयार होती, एकही खाडाखोड नाही. शिवाय खरं सांगायचं तर माझा जीव त्या फेऱ्यांनी मेटाकुटीला आला होता. नोकरी, वर्ग, अभ्यास, त्यात हे साबण. मी गेल्या महिन्याच्या मोजल्या: अकरा फेऱ्या, दर फेरीला दोन तास पाच मिनिटं. जवळजवळ तेवीस तास. एका माणसाच्या साबण-सेलसाठी!

वर्गात मी हे मांडलं तेव्हा सरांनी विचारलं, "कोपऱ्यावरच्या दुकानातून का नाही घेत ते? किंवा घरपोच?"

"एकदा घरपोच मागवलं होतं," मी म्हटलं. "पोचवणारा दारात खोकं ठेवून सही न घेता गेला. सही नाही म्हणजे माल आलाच नाही, असं म्हणून त्यांनी ते खोकं चार दिवस दारातच राहू दिलं. आणि दुकानदाराने एकदा मुदत संपलेले सेल दिले होते, तेव्हापासून तो काळ्या यादीत."

वर्ग हसला. सर मात्र माझ्या तक्त्याकडे बघत होते. "पण हा माणूस इतक्या लहान लहान ऑर्डरी का देतो? एवढा जुना स्टोअरकीपर. त्याला तर हे कळायला हवं."

"हट्टी आहेत म्हणून," मी म्हटलं. सरांनी तिथे एक बाण काढला आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं.

पुढच्या तासाला त्यांनी ते सूत्र शिकवलं. एका वेळी किती माल मागवावा याचं. फेरी महाग असेल तर एकदम जास्त मागवा, साठवणं महाग असेल तर थोडं थोडं. माझी फेरी दोन तासांची, आणि बाबांच्या कपाटाचे खालचे तीन खण रिकामेच होते. मी आकडे घातले. उत्तर आलं: दोन महिन्यांतून एक फेरी. मी ते उत्तर तीनदा तपासलं, कारण इतकी चांगली बातमी मला सहसा गणितातून मिळत नाही.

शुक्रवारी मी तो कागद घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, कागद टेबलावर सरळ केला आणि ओळीवर बोट ठेवत वाचायला लागले. मी तयारीत होते. ते खोट काढणार, मी भांडणार, असं बसमध्ये ठरवूनच आले होते. मधे एकदा त्यांचं बोट थांबलं.

"ब्लेड आठवड्याला एक धरलंस. मी दहा दिवस वापरतो."

"दुरुस्त करते."

"बाकी हिशोब चोख आहे," ते म्हणाले. "हे तुमच्या कॉलेजात शिकवतात?"

"हो."

"चांगलं शिकवतात." त्यांनी खिशातलं पेन काढलं, कागदाच्या खाली 'मान्य' लिहिलं आणि सही केली. त्या दिवशी चहा पिताना त्यांनी रेडिओ लावला नाही. माझ्या ते लक्षात आलं, पण मी मनात फेऱ्या वजा करत होते.

एक तारखेला मी टॅक्सीने गेले. आमच्याच कारखान्याच्या पाच खोक्यांत सगळं भरून नेलं होतं. आठ साबण, सहा पाकिटं चहा, सेल, ब्लेडं, काड्यापेट्या, बिस्किटं, औषधाच्या गोळ्या. बाबांनी एकेक वस्तू मोजून घेतली, खणांत लावली, चौदा कार्डांवर आवक लिहिली. समोरच्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई दारातून डोकावून म्हणाल्या, "काय हो, दुकान काढताय?"

"दोन महिन्यांची सोय झाली," बाबा म्हणाले. "आता सूनबाईला त्रास नाही."

मी जिना उतरले तेव्हा अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पहिला आठवडा मजेत गेला. सहाला फोन नाही. मी अभ्यास केला, केस धुतले, एक अख्खा शनिवार लोळून काढला. पहिल्या चाचणीत वीसपैकी सतरा पडले आणि चष्मेवालीने माझी वही मागून नेली, म्हणजे माझी पत वाढली. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी कारखान्यातून निघाले आणि तंद्रीत बाबांच्या बसमध्ये चढले. तिसऱ्या स्टॉपवर लक्षात आलं. उतरले, रस्ता ओलांडला आणि उलट्या बाजूच्या स्टॉपवर उभी राहिले. घरी जाऊन काय करायचं ते काही सुचेना. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

त्या बुधवारी सरांनी दुसरी एक पद्धत शिकवली. तिच्यात साठा किती उरलाय याच्याशी संबंध नाही. दिवस ठरवायचा, समजा दर शुक्रवार, आणि त्या दिवशी जाऊन बघायचं. कमी असेल ते भरायचं, नसेल तर परत यायचं.

"काही लागत नसलं तरी जायचं?" मी विचारलं. "हा तर शुद्ध वेडेपणा झाला, सर. रिकामी फेरी."

पोरं हसली. सरही हसले, पण म्हणाले, "रिकामी कशी? पाहून तर आलात. माल संपल्यावरच जाणारा माणूस फक्त माल बघतो, काकू. नेमाने जाणाऱ्याला बाकीचं पण दिसतं. गळणारा नळ, कुरतडलेलं पोतं." सरसुद्धा 'काकू'! मी रागाने टिपून घेतलं.

सोळा तारखेला सहाला फोन वाजला.

"साबण किमानावर आलाय."

मला आधी वाटलं, सवयीने बोलले. "बाबा, आठ साबण दिले होते. सोळा दिवस झालेत."

"दोन उरले. किमान दोन आहे."

"सोळा दिवसांत सहा साबण?"

"हो. बिस्किटं पण. आणि सेलसुद्धा त्याच मार्गावर आहेत."

मी फोन ठेवला. एकटा माणूस सहा साबण कसे संपवतो? दिवसातून दहा वेळा हात धुतात की काय? की ठेवतात एकीकडे आणि शोधतात दुसरीकडे? कारखान्यातल्या आमच्या एका बाईंच्या आईचं अगदी असंच सुरू झालं होतं. आधी साबण, मग चष्मा, मग घराचा पत्ता. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना गाठलं. त्यांनी आईला ठेवलंय त्या वृद्धांच्या केंद्राचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. "लवकर नाव नोंदवा," म्हणाल्या, "यादी लांब असते." ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली आणि बसमध्ये बसले. दोन्ही बसमध्ये मी एकच विचार करत होते. सहा वर्षं मी या माणसाच्या फेऱ्या मोजल्या आणि सोळा दिवस गेले नाही, तर तेवढ्यात हे झालं. काही बरंवाईट झालं तर माझं म्हणायला या जगात दुसरं कोण होतं?

दार उघडंच होतं. आत कुणी नव्हतं. समोरच्या घरातून शिवणयंत्राची खडखड आणि बाबांचा आवाज येत होता, "तेल इथे नाही, या भोकात." मी हाक मारणार तेवढ्यात समोरच्या बाई बाहेर आल्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलात का! बरं झालं. अहो, तुमच्या सासऱ्यांना आवरा. दोन साबण झाले, तीन बिस्किटांचे पुडे झाले. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. पेपरवाल्याला दिला, पाण्याचं मीटर बघायला आला होता त्यालाही दिला. तो बिचारा स्वतःच्या अंगाचा वास घेऊन बघत होता."

मी स्वयंपाकघरात गेले. कपाट उघडलं. चौदा कार्डं हलली. साबणाचं कार्ड हातात धरलं. अक्षर तेच, टाकाने कोरल्यासारखं.

एक तारीख, आवक, शिल्लक आठ. चार तारीख, जावक एक, स्वतःसाठी. सहा तारीख, जावक एक, समोरच्या बाई. शेरा: मागणी नव्हती. नऊ तारीख, जावक एक, पेपर टाकणारा. शेरा: मागणी नव्हती, नको म्हणत होता. अकरा तारीख, स्वतःसाठी. तेरा तारीख, समोरच्या बाई, दुसऱ्यांदा. शेरा: साठा उतरवण्यासाठी. सोळा तारीख, मीटर बघणारा. शेरा: साठा उतरवण्यासाठी. किमान गाठले की सूनबाई येते.

प्रत्येक ओळीपुढे सही.

मी तिथेच खाली स्टुलावर बसले. एकतीस वर्षं ज्याने स्लिपशिवाय स्क्रू सोडला नाही, त्याने स्वतःच्या स्टोअरमधून माल पळवला होता. आणि पळवतानाही नोंद चुकवली नव्हती. कारणाच्या रकान्यात खोटं लिहायचं त्यांना सुचलंच नाही, कारण त्या रकान्यात खोटं लिहितात हेच त्यांना माहीत नव्हतं. मला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू आलं, आणि मी दोन्ही होऊ दिलं.

बाबा आले ते हाताचं तेल फडक्याला पुसत. माझ्या हातातलं कार्ड बघून दारातच थांबले. मॅनेजरला खिडकीबाहेर उभं करणारा माणूस आता स्वतःच्या स्वयंपाकघराबाहेर उभा होता.

"तपासणी?" ते म्हणाले.

"हो."

"लिहिलंय सगळं. लपवलं काही नाही."

"बाबा, मला फोन करून नुसतं 'ये' म्हणायचं होतं ना."

ते आत आले. फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. मग उघडून परत घडी केलं. "कसं म्हणणार? तो होता तेव्हा ठीक होतं. आता तुला बांधून ठेवणारा मी कोण? तुझी नोकरी आहे, कॉलेज आहे. उद्या तुला कुठे नव्याने घर मांडावंसं वाटलं तर मधे माझं लोढणं कशाला?" ते माझ्याकडे न बघता कार्डाशी बोलत होते. "साबण संपला तर माणूस साबण मागू शकतो. त्यात कुणाला काही वाटत नाही."

"मग त्या कागदावर सही का केलीत? खोट काढायची होती."

"खोट नव्हती," ते जरा चिडूनच म्हणाले. "हिशोब बरोबर होता. बरोबर हिशोबावर सही नाही करायची?"

सहा वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना साबण पोचवते. आणि ते बिचारे दर वेळी एक निमित्त तयार करत होते. तेही अगदी एका फेरीपुरतं, जास्त नाही. चहा पावडर आणि सेल एकाच दिवशी संपू नयेत म्हणून हा माणूस काय काय करत असेल, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. माझ्या तेवीस तासांचा किती राग राग केला होता मी! आणि तो मंगळवार आठवला, उलट्या बाजूच्या स्टॉपवरचा.

मी डोळे पुसले, नाक पुसलं आणि आवाज कामावरचा केला. त्यांच्याशी दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलायचं मला येत नव्हतं, आणि त्यांना ऐकायचंही येत नव्हतं.

"बाबा, हिशोब बरोबर होता, पण पद्धत चुकीची निवडली मी. आम्हाला दुसरी एक शिकवली आहे. मुदतीची. दिवस ठरवायचा. दर शुक्रवारी येऊन साठा बघायचा."

त्यांनी मान वर केली. "दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारी."

"आणि काही लागत नसेल तर?"

"तरी यायचं. पद्धतच तशी आहे. लागो न लागो."

"रिकामी फेरी," ते म्हणाले. पण स्टोअरकीपरचं डोकं चालू झालेलं मला दिसत होतं.

"रिकामी कशी? पाहणी होते ना. नळ गळत असला तर कळतो."

त्यांनी वळून नळाकडे पाहिलं. नळ ठणठणीत होता. "तुमच्या कॉलेजात हे खरंच शिकवलं? की आता बनवतेस?"

मी पर्समधून वही काढली आणि ते पान दाखवलं. सरांचे बाण मी जसेच्या तसे उतरवले होते. बाजूला रागाने लिहिलेलं 'सरसुद्धा काकू' पण होतं. त्यांनी बोट ठेवत सगळं वाचलं, अगदी ते काकूसकट. पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"वेळ?" त्यांनी विचारलं.

"पावणेसात. दोन्ही बस वेळेवर आल्या तर."

"लिहून दे."

मी लिहून दिलं. त्यांनी 'मान्य' लिहून सही केली. मग चहा टाकला आणि रेडिओ लावला. परतीच्या बसमध्ये मी ती नंबराची चिठ्ठी फाडली आणि उतरताना कचऱ्याच्या डब्यात टाकली.

प्रकल्प सांगायचा दिवस आला तेव्हा कॅन्टीनवाल्यांनी रांग चार मिनिटांनी कमी केली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या. माझी पाळी आली. मी फळ्यावर लिहिलं: आधी, महिन्याला अकरा फेऱ्या. मग, दोन महिन्यांत एक. आता, महिन्याला चार, काहींमध्ये काही न नेता.

"पण काकू, सूत्राप्रमाणे हे बरोबर नाही," पुढच्या बाकावरचा एक म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "माझा आकडा चुकला होता. मी दोन तास पाच मिनिटं सगळीच्या सगळी खर्चात धरली होती. त्यातली पस्तीस मिनिटं आम्ही दोघं चहा पीत बसायचो. ती खर्चात धरायची नव्हती. सर, तुम्ही विचारलं होतं ना, हा माणूस इतक्या लहान ऑर्डरी का देतो? त्याला माल नको होता. मी आलेली हवी होते. आणि मलाही ते जाणं हवं होतं, हे मला माहीत नव्हतं." मी खडू खाली ठेवला.

वर्गात कुणी हसलं नाही. चष्मेवाली चष्मा काढून पुसत होती. सर म्हणाले, "दहापैकी सात. सूत्र सोडलंत त्याचे तीन कापावे लागतील." आणि वर्ग सुटल्यावर दारात मला थांबवून त्यांनी विचारलं, "ते स्टोअरकीपर एकदा वर्गात येऊन बोलतील का?"

"स्लिप पाठवा," मी म्हटलं. "तोंडी सांगून ते हलणार नाहीत."

सात पुरले. पास झाले, खुर्ची मिळाली. पण मला सांगायचंय ते पहिल्या शुक्रवारचं.

त्या दिवशी दुसरी बस उशिरा आली. मी तीन जिने जवळजवळ धावतच चढले. हातात पिशवी नव्हती, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या दारात मोकळ्या हातांनी उभं राहायला मला लाज वाटत होती. बाबांनी दार उघडलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आत गेले. चहाचं आधण ठेवलेलंच होतं, दोन कपांचं.

कपाटावर पंधरावं कार्ड लटकत होतं. वर वस्तूच्या नावाच्या जागी 'पाहणी' लिहिलं होतं. चहा गाळून झाल्यावर त्यांनी ते खाली काढलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्यासमोर भरलं.

शुक्रवार. सहा वाजून बावन्न मिनिटे. सात मिनिटे उशीर. आवक नाही. जावक नाही. शेरा: काही लागत नव्हते. सूनबाई आली.

त्यांनी सही केली आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं. "तुझी पण लागेल," म्हणाले. "पाहणीला दोन सह्या असतात."

मी सही केली.